समरकंदची वेधशाळा आणि सुलतान उलुग बेग

सुज्ञ वाचकहो, आपल्या घराच्या किंवा मोहल्ल्यातील मशिदीच्या भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. फजरपासून इशापर्यंतच्या वेळा आपण त्यावर पाहतो आणि आपल्या कामाला लागतो. त्या तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे सूर्याच्या गतीचा हिशेब आहे आणि त्या हिशेबामागे शतकानुशतके आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांचे कष्ट आहेत, हे क्वचितच आपल्या मनात येते. किब्ल्याची दिशा, रमजानचा चंद्र, हजचे दिवस या सर्वांचा संबंध आकाशाशी आहे. आकाश व पृथ्वीची निर्मिती आणि रात्र-दिवसाचा पालट यांत विचार करणाऱ्यांसाठी निशाण्या आहेत, असे पवित्र कुरआनाने वारंवार बजावले आहे. म्हणूनच मुस्लिम विद्वानांना खगोलशास्त्र कधी परके वाटले नाही. अशा विद्वानांत एक सुलतानही होऊन गेला. त्याच्या जीवनात आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे आणि डोळ्यांत अंजन घालणारी गोष्टही आहे. आज आपण त्या उलुग बेग यांची ओळख करून घेऊ.

त्यांचे मूळ नाव मिर्झा मुहम्मद तारागाय. 22 मार्च 1394 रोजी, म्हणजे हिजरी 796 मध्ये, इराणमधील सुलतानिया येथे त्यांचा जन्म झाला. तैमूर त्या वेळी मोहिमेवर होता आणि त्याचा कुटुंबकबिला लष्कराबरोबर फिरत होता. तैमूरचा मुलगा शाहरुख हे त्यांचे वडील आणि गौहरशाद बेगम या त्यांच्या आई. मशहद येथील भव्य मशीद बांधणाऱ्या त्या याच गौहरशाद. बालकाचे संगोपन मात्र तैमूरची ज्येष्ठ बेगम सराय मुल्क खानम यांनी केले. उलुग बेग म्हणजे थोर राजपुत्र. हे लाडाचे संबोधनच पुढे त्यांचे नाव बनले आणि खरे नाव मागे पडले.

त्यांचे बालपण तंबूंत आणि प्रवासात गेले. आजोबांच्या तलवारीने उजाड झालेली नगरे त्यांनी पाहिली आणि आजोबांनीच नानाविध कारागीर आणून सजवलेले समरकंदही पाहिले. 1405 मध्ये चीनच्या वाटेवर असताना तैमूरचा मृत्यू झाला. वारसांत झगडे झाले, त्यांतून शाहरुख वर आले आणि त्यांनी हेरात ही आपली राजधानी केली. 1409 मध्ये त्यांनी समरकंदचा कारभार आपल्या या मुलाच्या हाती सोपवला. त्या वेळी उलुग बेग यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

वाचकहो, पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढे मोठे नगर आणि एवढा मोठा मुलूख आला, तर तो काय करील याचा विचार करा. तैमूरच्या घराण्यात त्याचे एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे घोडा आणि तलवार. उलुग बेग यांनीही मोहिमा केल्या, पण त्यांत त्यांना फारसे यश लाभले नाही. 1427 मध्ये सिर दर्याच्या उत्तरेकडे झालेल्या लढाईत तर त्यांचा मोठा पराभव झाला आणि वडिलांचा रोष ओढवला. त्यांचे मन कुठे होते, हे समरकंदच्या रेगिस्तान चौकात दिसत होते. 1417 ते 1420 या काळात तेथे त्यांनी एक मदरसा उभारला. त्याच्या उंच कमानीवर ताऱ्यांची नक्षी आहे. बुखाऱ्यातही त्याच सुमारास त्यांनी मदरसा बांधला. ज्ञान मिळवणे हे प्रत्येक मुस्लिम स्त्री-पुरुषाचे कर्तव्य आहे, या अर्थाचा लेख त्या मदरशाच्या दारावर कोरला गेला.

समरकंदच्या मदरशात तफसीर, हदीस आणि फिकह यांच्या जोडीला गणित आणि खगोलशास्त्र शिकवले जाई. धर्माचे ज्ञान एका खोलीत आणि विश्वाचे ज्ञान दुसऱ्या गावी, अशी विभागणी तेथे नव्हती. मदरशाच्या पहिल्या मुदर्रिसाची गोष्ट अशी सांगतात की, इमारतीचे काम चालू असताना लोकांनी उलुग बेग यांना विचारले, येथे प्रमुख अध्यापक कोण होणार? सर्व विद्यांत पारंगत असेल असा माणूस शोधू, असे त्यांनी उत्तर दिले. विटांच्या ढिगाऱ्यात मळक्या कपड्यांत बसलेल्या एका माणसाने ते ऐकले आणि या पदाला आपण योग्य आहोत, असे तो उठून म्हणाला. ते मौलाना मुहम्मद खवाफी होते. उलुग बेग यांनी त्यांना हाकलून दिले नाही. त्यांची परीक्षा घेतली, विद्वत्ता पटताच त्यांना स्नान घालून चांगला पोशाख दिला आणि ते पद त्यांच्या स्वाधीन केले.

विद्वानांची पारख हा उलुग बेग यांचा मोठा गुण होता. आजच्या तुर्कस्तानातील बुर्सा येथून आलेले काझीजादा रूमी हे त्यांचे गुरू. इराणमधील काशान येथून गियासुद्दीन जमशीद अल-काशी आले. आपल्या बाजदाराच्या मुलाची बुद्धी ओळखून त्यांनी त्याला शिकवले. हे अली कुश्जी. कुश्जी या शब्दाचा अर्थच बाजदार असा आहे. हे अली एकदा न सांगता किरमानला निघून गेले आणि तेथील विद्वानांकडे शिकत राहिले. परत आल्यावर सुलतानाने भेट म्हणून काय आणले, असे विचारले, तेव्हा त्यांनी चंद्राच्या कलांवर लिहिलेली आपली पुस्तिका पुढे ठेवली. ती वाचून सुलतानाचा राग मावळला.

अल-काशी यांनी समरकंदहून आपल्या वडिलांना लिहिलेली पत्रे सुदैवाने आजही उपलब्ध आहेत. त्यांवरून उलुग बेग यांच्या सभेचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कुरआनाचा बराच भाग त्यांना मुखोद्गत होता. एकदा घोड्यावर बसून जात असताना त्यांनी एका विशिष्ट दिवशी सूर्य आकाशात नेमका कुठे होता, याचा हिशेब तोंडी केला आणि घोड्यावरून उतरल्यावर अल-काशींना तो तपासून पाहण्यास सांगितले. विद्येच्या चर्चेत कोणी सुलतानाला खूश करण्यासाठी मान डोलावलेली त्यांना खपत नसे. विषय पूर्ण समजल्याशिवाय होकार देऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. ते स्वतःच कधी मुद्दाम चुकीचे मत मांडत आणि कोणी ते निमूटपणे मान्य केले, तर त्याला टोकत.

याहून बोलकी घटना काझीजादा यांची आहे. एकदा उलुग बेग यांनी मदरशातील एका अध्यापकाला पदावरून दूर केले. दुसऱ्या दिवसापासून काझीजादा यांनी शिकवणे थांबवले. ते आजारी असतील असे समजून सुलतान त्यांच्या घरी गेले. काझीजादा यांनी त्यांना सांगितले की, अध्यापकाचे पद राज्यकर्त्याच्या मर्जीवर अवलंबून नसते, या समजुतीने आपण ते स्वीकारले होते. ती समजूत चुकीची निघाली, म्हणून आपण ते सोडले. सुलतानाने आपली चूक मान्य केली आणि त्या अध्यापकाला सन्मानाने परत बोलावले. वाचकहो, ज्याच्या एका शब्दावर माणसाचे शिर उडू शकत होते, त्याने एका शिक्षकापुढे मान झुकवली. आपल्या संस्थांच्या कारभाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

आता वेधशाळेकडे वळू. तिची गरज का पडली, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी ताऱ्यांच्या स्थानांसाठी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या यादीवर विसंबून राहावे लागे. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ताऱ्यांची तेजस्विता स्वतः पाहून नव्याने नोंदवली, पण स्थानांसाठी त्यांनीही टॉलेमीच्या आकड्यांत ठराविक अंशांची भर घातली होती. मूळ आकड्यातील चूक अशाने पुढे पुढे सरकत राहते. अशा जुन्या याद्यांवरून काढलेले गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, हे समरकंदच्या विद्वानांच्या ध्यानात आले. त्यावर उपाय एकच होता. मोठी उपकरणे उभारून सारे आकाश पुन्हा मोजणे.

समरकंदच्या ईशान्येला कोहक नावाची टेकडी आहे. तेथे 1420 नंतरच्या दशकात ही वेधशाळा उभी राहिली. ती तीन मजली, गोलाकार इमारत होती. तिचा व्यास सुमारे 46 मीटर आणि उंची 30 मीटरच्या आसपास होती. तिच्या पोटात उत्तर-दक्षिण रेषेवर एक प्रचंड दगडी कमान बसवलेली होती. या उपकरणाला सुदुस-ए-फख्री म्हणतात. सुदुस म्हणजे सहावा भाग, कारण ही कमान वर्तुळाचा सहावा हिस्सा, म्हणजे 60 अंश असते. हे उपकरण प्रथम दहाव्या शतकाच्या अखेरीस अल-खुजंदी यांनी रै येथे उभारले आणि आपला आश्रयदाता फख्रुद्दौला याचे नाव त्याला दिले. उलुग बेग यांनी बांधलेले उपकरण मात्र त्याच्या दुप्पट मोठे होते. त्याची त्रिज्या सुमारे 40 मीटर होती. त्याचा खालचा भाग खडक खोदून जमिनीत सुमारे 11 मीटर उतरवला होता, म्हणजे तो खचण्याची किंवा हलण्याची भीती नव्हती.

त्याचे काम असे चाले. दक्षिणेकडे उंचावर एक लहान छिद्र ठेवलेले असे. सूर्य बरोबर मध्यान्हीला आला की त्या छिद्रातून आलेला प्रकाशाचा ठिपका अंधाऱ्या चरातील संगमरवरी कमानीवर पडे. कमानीवर अंश आणि कला कोरलेल्या होत्या. ठिपका कुठे पडला ते वाचले की सूर्याची उंची कळे. उपकरण एवढे मोठे कशासाठी? 40 मीटर त्रिज्येच्या कमानीवर एक अंश सुमारे 70 सेंटिमीटर जागा व्यापतो. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, तेथे जवळजवळ 12 मिलिमीटरची होते. हातात धरण्याच्या यंत्रावर जो भाग डोळ्यांना दिसतही नाही, तो येथे बोटाने दाखवता येतो. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाची आणि हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाची मध्यान्हीची उंची घेऊन त्यांच्यातील अंतराचे दोन भाग केले, की पृथ्वीच्या अक्षाचा कल मिळतो. समरकंदला तो 23 अंश 30 कला 17 विकला आला. त्या काळच्या खऱ्या किमतीशी त्याचा फरक सुमारे अर्ध्या कलेचा आहे. तोपर्यंत दुर्बीण जन्मालाही आली नव्हती, हे येथे लक्षात ठेवावे.

दगडाचे उपकरण जितके मोठे, तितकेच कागदावरचे गणितही सूक्ष्म हवे. त्यासाठी ज्यांची, म्हणजे भारतीय गणितातून अरबीत गेलेल्या त्या जुन्या संकल्पनेची, नवी कोष्टके तयार झाली. एका अंशाची ज्या अचूक काढणे ही त्यातली मोठी अडचण होती. तीन अंशांची ज्या भूमितीने काढता येते, पण तिच्यावरून एका अंशाची काढायची तर घन समीकरण सोडवावे लागते. अल-काशी यांनी पुन्हा पुन्हा जवळची किंमत घेत उत्तरापर्यंत पोहोचण्याची रीत शोधून काढली. याच अल-काशी यांनी 1424 मध्ये वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर दशांश चिन्हानंतर 16 स्थळांपर्यंत अचूक काढले होते. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे त्यापुढे कोणी गेले नाही.

हे काम एका माणसाचे नव्हते आणि एका दिवसाचेही नव्हते. अल-काशी 1429 मध्ये वारले. त्यानंतर काझीजादा यांनी वेधशाळेची धुरा घेतली. तेही काम पुरे होण्याआधी अल्लाहच्या सान्निध्यात गेले. शेवटी बाजदाराचा मुलगा अली कुश्जी पुढे आले आणि त्यांच्या साहाय्याने झीज-ए-सुलतानी हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील ताऱ्यांची यादी 1437 सालाची आहे. तिच्यात 1018 तारे आहेत. समरकंदच्या क्षितिजावर न येणारे दक्षिणेकडचे काही तारे अस-सूफी यांच्याकडून घेतले आहेत. बहुतेक साऱ्या ताऱ्यांची स्थाने मात्र नव्याने मोजलेली आहेत. टॉलेमीनंतर एवढ्या ताऱ्यांची स्थाने स्वतःच्या वेधांवरून देणारी पहिली यादी हीच. नाक्षत्र वर्षाचा काळ त्यांनी 365 दिवस, 6 तास, 10 मिनिटे, 8 सेकंद असा काढला. आजच्या मोजमापाशी त्याचा फरक एका मिनिटाहूनही कमी आहे.

येथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणाचीही छाती अभिमानाने भरून येईल. पुढची गोष्ट मात्र जड मनाने सांगावी लागते. उलुग बेग हे निर्दोष नव्हते. त्यांच्या दरबारातील मेजवान्यांवरून शहराच्या मुहतसिबाने त्यांना भर सभेत कठोर शब्दांत सुनावल्याची नोंद आहे. सुलतानाने ते बोल शांतपणे ऐकून घेतले, हेही तेवढेच खरे. परंतु त्यांची मोठी चूक घरात झाली.

त्यांना अब्दुल लतीफ आणि अब्दुल अजीज असे दोन मुलगे होते. धाकट्या अब्दुल अजीजवर त्यांचा अधिक जीव होता. 1447 मध्ये शाहरुख वारले आणि वारसाहक्काचे युद्ध पेटले. 1448 मध्ये हेरातजवळच्या लढाईत अब्दुल लतीफ शौर्याने लढला, पण विजयाचे फर्मान निघाले ते धाकट्या भावाच्या नावाने. हेरातच्या किल्ल्यात अब्दुल लतीफची जी मालमत्ता होती, तीही त्याला मिळू दिली नाही. थोरल्या मुलाच्या हातून आपल्याला धोका आहे, असे ताऱ्यांवरून वर्तवले गेल्यामुळे बापाचे मन कलुषित झाले होते, असेही काही जण सांगतात.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लाडके पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक दोन्ही गोष्टींचा संबंध जोडू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत आणि कोणाच्या जन्म-मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. आकाश मोजणे ही विद्या आहे. आकाशात माणसाचे नशीब वाचणे हा भ्रम आहे. तसेच, नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी देऊ केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) साक्षीदार होण्यास नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. अंशाच्या साठाव्या भागाचाही फरक ज्यांच्या नजरेतून सुटत नव्हता, त्यांना दोन मुलांच्या पारड्यांतला फरक दिसला नाही.

परिणाम भयंकर झाला. बल्खचा कारभार पाहणाऱ्या अब्दुल लतीफने बंड केले. 1449 च्या शरद ऋतूत समरकंदजवळ बाप-लेकांच्या फौजा भिडल्या आणि बाप हरला. उलुग बेग यांनी मुलाच्या स्वाधीन होऊन हजला जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पण त्यांच्या पाठीमागे कट शिजत होता. ज्याच्या बापाला उलुग बेग यांच्या राजवटीत मृत्युदंड झाला होता, अशा अब्बास नावाच्या माणसाला किसासच्या मागणीसाठी पुढे करण्यात आले. त्या फतव्यावर इतरांनी शिक्के उमटवले. काझी मिस्कीन यांनी मात्र नकार दिला, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. हजच्या वाटेवर निघालेल्या सुलतानाला समरकंदपासून फार दूर जाता आले नाही. हिजरी 853 च्या रमजान महिन्यात एका गावी त्यांचा शिरच्छेद झाला. अब्दुल अजीजलाही ठार करण्यात आले. अब्दुल लतीफला हे राज्य सहा महिन्यांहून अधिक लाभले नाही. तोही मारला गेला आणि त्याचे शिर बापाच्याच मदरशावर टांगण्यात आले. पुढे उलुग बेग यांचे शव समरकंदच्या गोर-ए-अमीर या मकबऱ्यात तैमूरच्या पायाशी दफन झाले. 1941 मध्ये ती कबर उघडली गेली, तेव्हा शिरच्छेदाच्या खुणा आढळल्या आणि शहिदाप्रमाणे त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी दफन केल्याचेही दिसून आले.

वेधशाळा ओस पडली. दगड-विटा लोकांनी नेल्या आणि टेकडीवर माती साचली. ती जागा कोणती, हेही विस्मरणात गेले. 1908 मध्ये वसीली व्यात्किन या रशियन संशोधकाने एका जुन्या वक्फनाम्यातील सीमांच्या वर्णनावरून ती जागा हुडकून काढली. खोदकाम केले तेव्हा खडकात उतरवलेला कमानीचा खालचा भाग शाबूत सापडला. आजही समरकंदला जाणारा प्रवासी तो पाहू शकतो. वक्फचा एक कागद जपून ठेवला गेला म्हणून हे घडले, याची आपण विशेष नोंद घ्यावी.

इमारत गेली, पण ग्रंथ राहिला. अली कुश्जी समरकंद सोडून निघाले आणि पुढे सुलतान मुहम्मद फातिह यांच्या आमंत्रणावरून इस्तंबूलला जाऊन आयासोफियाच्या मदरशात शिकवू लागले. 1474 मध्ये ते तेथेच वारले. 1665 मध्ये ऑक्सफर्ड येथे थॉमस हाइड यांनी ताऱ्यांची ही यादी छापून प्रसिद्ध केली. आपल्या देशातही तिचा प्रभाव पोहोचला. बाबराने समरकंदची ही तीन मजली वेधशाळा पाहून तिची नोंद आपल्या आत्मचरित्रात केली. शाहजहानच्या काळात दिल्लीत याच ग्रंथाच्या आधारे नवा झीज तयार झाला. अठराव्या शतकात सवाई जयसिंह यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे वेधशाळा उभारल्या, तेव्हा दगडी उपकरणांचा समरकंदचा आदर्श त्यांच्यासमोर होता. त्यांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांनी नसीरुद्दीन तूसी यांच्या अरबी ग्रंथांवरून संस्कृत ग्रंथ रचले. ज्ञान कोणत्याही सीमेवर अडत नाही, याचा हा पुरावा आहे.

माणसाच्या मृत्यूनंतरही ज्या तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते, त्यांत लोकांना लाभ देणारे ज्ञान आहे, ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. तैमूरने जिंकलेला मुलूख त्याच्या वंशजांच्या हातून वाळूसारखा निसटला. नातवाने मोजलेले तारे मात्र आजही आपापल्या जागी तळपत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्याचे नावही टिकून आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या मुलामुलींपैकी कोणाला गणिताची किंवा आकाशाची ओढ असेल, तर हे काही दीनचे शिक्षण नव्हे, असे म्हणून त्याला मागे ओढू नका. बाजदाराच्या मुलाला एका सुलतानाने पुढे आणले, तसे तुमच्या मोहल्ल्यातील गरीब पण हुशार मुलाला तुम्ही पुढे आणा. आणि घरात मुलांना काही देताना, त्यांचे कौतुक करताना, न्यायाची तराजू हातातून सुटू देऊ नका. पुढच्या वेळी चंद्र पाहायला गच्चीवर जाल, तेव्हा मुलांना समरकंदच्या त्या टेकडीची गोष्ट सांगा. अल्लाह आपल्याला लाभदायक ज्ञान आणि न्यायी अंतःकरण देवो, आणि उलुग बेग यांच्या चुका माफ करून त्यांच्या सत्कार्याचा स्वीकार करो. आमीन.